व्याह्यांची दाढ आणि आईचा नवस

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी दोनदा मोडलं. दोन्ही वेळा मुलगा एकच होता.

हे मी थोड्या अभिमानानेच सांगतो. बहिणीचं लग्न एकदा मोडणारे भाऊ गल्लोगल्ली सापडतील. दोनदा मोडायचं तर मधे कुणीतरी ते जोडावं लागतं, आणि तशी जोडणारी माणसं घरात असावी लागतात. आमच्या घरात ती होती. मी मोडणाऱ्यांच्या बाजूला होतो, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. आम्ही भांडुपला टेकडीच्या अंगाला एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि पुढे ओटा. बाबा गिरणीतून निवृत्त झालेले, आई घरात, मी, माझी बायको सुनंदा आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान शैला. शैला पवईच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. मी जवळच्याच दुसऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. कामगारांची हजेरी बघायची आणि तात्पुरती माणसं लागली की गेटवर उभं राहून निवडायची, हे माझं काम. या कामामुळे माझी एक ठाम समजूत झाली होती की मला माणूस कळतो. गेटपासून माझ्या टेबलापर्यंत तो चालत आला की पुरे. पुढचं बोलणं मी नुसतं रीत म्हणून करायचो.

सुनंदाला हे पटत नसे.

"आणि तो हजेरी लावून मागच्या भिंतीवरून घरी जाणारा? त्याला तुम्हीच घेतला होता ना?"

"तो अपवाद."

"आणि ज्याला तुम्ही 'चालण्यात दम नाही' म्हणून परत पाठवलात, तो शेजारच्या कंपनीत फोरमन झाला."

"तिथे कुणीही फोरमन होतो."

तर अशा घरात शैलाने एका रविवारी दुपारी, आई सोलकढी गाळत असताना, सांगून टाकलं.

"मी लग्न ठरवलंय. मुलगा माझ्याच ऑफिसात आहे, ड्रॉइंग सेक्शनला. हरेश नाव. वेसाव्याचा आहे. कोळी."

कुणी ओरडलं नाही. (आमच्याकडे ओरडतात तेव्हा विषय किरकोळ असतो.) आईच्या हातातलं फडकं तेवढं थांबलं.

"कोळी लोक मोठ्यान बोलतत," आई म्हणाली. हे तिचं वाक्य तीन घरं पलीकडे ऐकू गेलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या खात्यात एक कोळी होता. शिट्टी वाजवायचा."

"मग?" शैलाने विचारलं.

"मग काही नाही. वाजवायचा."

उभ्या नोकरीत बाबांना भेटलेला तो एकमेव कोळी, आणि त्याच्या शिट्टीवरून बाबांनी अख्खं वेसावं ओळखून ठेवलं होतं. मला त्या दोघांची कीव आली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हे बघा, माझ्या मनात असलं काही नाही. जातपात मी बघत नाही. मी फक्त माणूस बघतो. त्यांना घरी बोलाव, मी बघून सांगतो."

शैला म्हणाली, "बघ दादा. पण आधी बघ आणि मग ठरव. उलटं नको करूस."

मला राग आला. माझ्या मनात काही नाही याची मला शंभर टक्के खात्री होती. (मनात काय आहे हे कळायला आधी तिथे डोकवावं लागतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनात डोकावत आल्यामुळे स्वतःकडे वेळ नव्हता.)

पुढच्या रविवारी सकाळी दहाला ते तिघे आले. हरेश, त्याची आई हिराबाय आणि वडील. वडिलांची स्वतःची मासेमारीची होडी होती, आणि होडीच्या मालकाला वेसाव्यात नाखवा म्हणतात, म्हणून सगळे त्यांना नाखवाच म्हणत. धिप्पाड माणूस. आमच्या दारातून आत यायला त्यांना वाकावं लागलं, आणि मी ते नमस्कारासाठी वाकले असं समजून हात जोडले. ते सरळ झाले आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघू लागले. तिथेच माझं निम्मं मत तयार झालं.

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं.

"हं."

"या दिवसांत मासळी कशी काय?"

"हं."

"हरेशना पुढे बढतीबिढती?"

नाखव्यांनी माझ्याकडे बघून एक गाल फुगवला. डावा. फुगवला तो तसाच ठेवला.

मी नोकरी विचारली, घर विचारलं, होडी किती फुटांची ते विचारलं, भाऊबंद किती ते विचारलं. प्रत्येकाला "हं". मधेच ते उठले, ओट्यावर गेले आणि आमच्या गटारात थुंकून आले. थोड्या वेळाने पुन्हा उठले, पुन्हा थुंकले. आईने खास म्हशीचं दूध आणून, वेलची घालून केलेला चहा त्यांच्यापुढे गार होत होता. त्याच्यावर साय धरली. त्यांनी कपाला बोट लावलं नाही.

हिराबाय मात्र बोलत होत्या, तेही भरपूर आणि खड्या आवाजात. त्या बोलण्यात, हरेशला लहानपणी झालेला गोवर आणि त्यांच्या घराची नवी कौलं यांच्या मधे कुठेतरी, "यांची काल दाढ काढली, बोलवत नाय त्यांना," असं एक वाक्य होतं. ते मी ऐकलं. नक्की ऐकलं. पण तोवर माझ्या मनात नाखव्यांचा अर्ज नामंजूर होऊन फाइलबंद झाला होता, आणि बंद फाइलीत नवीन कागद घालायची आमच्या टाइम ऑफिसात पद्धत नव्हती.

ते गेले आणि आमची सभा बसली.

"बाई बरी आसा," आई म्हणाली. "मोठ्यान बोलता."

"बाप माजोरडा आहे," मी म्हणालो. "होडीचा माज. चहाला हात लावला नाही. आपल्या दारात थुंकला. दोनदा."

"दादा, दाढ काढली होती त्यांची," शैला म्हणाली. "गाल सुजला होता. रक्त येत होतं."

"असं सांगणारच ते."

"अरे, गाल दिसत होता ना तुला?"

"दाढ काढली म्हणून माणूस नीट मानही हलवत नाही?"

"हलवली की मान."

"तुसडेपणाने हलवली."

शैला उठून आत गेली. सुनंदा कप उचलता उचलता म्हणाली, "अहो, तुम्हाला ते आवडायचेच नव्हते." मी तोवर मनातल्या मनात पत्राचा मजकूर जुळवत होतो. सोमवारी सकाळी, कुणालाही न विचारता, मी वेसाव्याच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र टाकलं. "आमचा सध्या विचार नाही. गैरसमज नसावा." पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकून मला घराण्याची अब्रू वाचवल्यासारखं वाटलं.

ही पहिली वेळ.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वॉचमन सांगत आला की गेटवर कुणी भेटायला आलंय. हरेश होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काडेपेटी. मला वाटलं, पोरगा सिगारेट ओढतो. (हेही मी लगेच नोंदवून ठेवलं.)

"दादा, बाबांनी तुम्हाला दाखवायला दिलंय," तो म्हणाला आणि त्याने काडेपेटी उघडली.

आत कापूस होता आणि कापसावर दाढ होती. चांगली मोठी, दोन मुळांची, एका बाजूने काळी पडलेली. वॉचमन वाकून बघू लागला. दोन कामगार जेवण सोडून आले. त्यातला एक म्हणाला, "साहेब, पार आतपर्यंत गेली होती हो कीड. जाम दुखली असणार." दुसऱ्याने मान हलवली. कारखान्याच्या गेटवर, माझ्याच माणसांसमोर, नाखव्यांची दाढ माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

"बघून झालं की परत द्या," हरेश म्हणाला. "घरी मावशीला दाखवायचीय. तिलापण तुमच्यासारखंच वाटलं. म्हणते, तुज्या बापाला भांडुपची मानसं आवडली नायत, म्हनून तो तिथे गप बसला."

तो हे अगदी सरळ म्हणाला, टोमणा नव्हता. मी काडेपेटी बंद करून परत दिली आणि एकदम मला त्याला चहा पाजावासा वाटला. चहावर तो म्हणाला, "बाबांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, मानसाने नुस्तं तोंड बघून ठरवलं, त्याला दाढ तरी दाखव." मी संध्याकाळी दुसरं आंतर्देशीय लिहिलं. "मागचं पत्र रद्द समजावे." आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही वेसाव्याला येतो, असंही कळवलं. शैलाने त्या दिवशी मला दोनदा भात वाढला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या पहिल्या पत्राचं घरात कळल्यावर आईने गावच्या देवाला नवस बोलला होता. शैलाचं लग्न ठरेपर्यंत ती मासळी खाणार नव्हती. माझ्या आईचं मासळीवर किती प्रेम आहे हे सांगायला मला वेगळं पुस्तक लिहावं लागेल. पापलेटाचं डोकं ती कुणाला देत नसे, पाहुण्यांनाही नाही. त्या आईने दहा दिवस सुक्या जवळ्यालासुद्धा तोंड लावलं नव्हतं, आणि नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. माझं लक्ष गेलं नाही. मला माणसं कळत होती, पण ती गेटमधून येणारी.

दादरला गाडी बदलून अंधेरी आणि पुढे बस, असे आई, बाबा, सुनंदा आणि मी वेसाव्याला पोचलो. मुलीने जायची रीत नव्हती म्हणून शैला घरी. खाडीच्या बाजूला नाखव्यांचं घर, स्वच्छ, निळ्या रंगाचं. समोरच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या दोऱ्यांवर हजारो बोंबील वाळत होते. आईने तिथे उभं राहून एक लांब श्वास घेतला. मी तो बघितला आणि म्हटलं, हिला वास सहन होत नाहीये.

हिराबायने पाटावर बसवून ताटं मांडली. तळलेलं पापलेट, चिंबोऱ्या, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. पहाटेपासून खपल्या होत्या बिचाऱ्या. आईने भात घेतला, लोणचं घेतलं आणि पापलेट हळूच ताटाबाहेर सरकवलं.

"घेवा ना बाय, सकाळचाच हाय," हिराबाय म्हणाल्या.

"नको. माका आज बरां वाटणा नाय."

मी चमकलो. आई आणि पापलेटाला नको? जेवणाआधी ती दहा मिनिटं आत चुलीपाशी जाऊन आली होती. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत तिला कुणीतरी काहीतरी बोललंय. आई स्वभावाने सोशिक. (आई सोशिक आहे हा शोध मला त्याच क्षणी लागला. त्याआधीची तीस वर्षं चाळीतलं कुणी ते कबूल केलं नसतं.) मी माझं ताट चार बोटं पुढे ढकललं. बाबांनी कोलंबी तोंडापर्यंत नेली होती. मोठ्या मुलाने ताट ढकललं म्हणजे काहीतरी कारण असणार, असं समजून त्यांनी ती परत ताटात ठेवली. सुनंदा एकटी मान खाली घालून जेवत होती. तिची दुसरी चिंबोरी चालू होती.

हिराबाय थांबल्या. "काय झालं? आमचे हातचं चालत नाय काय तुम्हाला?"

आता इथे एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी ते वाक्य सोडून दुसरं बोललो.

"ज्याच्या मनात असतं, त्यालाच असं सुचतं."

नाखवा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला, आणि तो वाऱ्यात होडीवरून होडीवर बोलायला बनलेला होता. "तुज्या मनात काय हाय ते सांग ना मंग."

"आमच्या आईला आत काय बोललात तुम्ही?"

"मी?" हिराबाय म्हणाल्या. "मी बोलले, मीठ बघा."

"अरे वसंता, काय ह्यां," आई म्हणाली.

"आई, तू गप्प बस. तू नेहमीच सोसत आलीस."

आई माझ्याकडे बघतच राहिली. बाबा आईकडे बघत राहिले. हरेश कधी मला, कधी वडिलांना, "ऐका तरी" म्हणत होता. त्याची मावशी आतून येऊन म्हणाली, "मी बोललेच होते, यांना आमी कमी वाटतो." आणि त्यावर मी म्हणालो, "बघा, आधीपासूनच यांनी ठरवलंय."

नाखवा उठले. रागावून नाही, नुसते उठले. "जेवायला बसलेल्या मानसाला मी जा म्हनत नाय," ते म्हणाले. "पन तू जेवतच नायस. मंग जा."

"उठा सगळे," मी म्हणालो.

ही दुसरी वेळ.

बसमध्ये मी बराच वेळ त्या लोकांच्या वागण्याबद्दल बोललो. आई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी सुनंदा म्हणाली, "एक विचारू? त्यांनी आपल्याकडे चहा घेतला नाही, तेव्हा तो त्यांचा माज होता. आज आपण त्यांच्याकडे जेवलो नाही. हा आपला काय होता?"

"स्वाभिमान."

"बरं," ती म्हणाली. आणि बरंच पुढे गेल्यावर, "चिंबोरी छान होती पण."

शैलाने आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. "वहिनी, दादाला सांग, आमटी त्याच्यासमोरच आहे." "वहिनी, दादाला विचार, अजून कुठे पत्र टाकायचंय का, मी पोस्टाकडे चाललेय." दोन दिवस असे गेले. मला मनातून कसंतरी होत होतं, पण ते मी चुकलो म्हणून नव्हे, तर मला कुणी समजून घेत नाही म्हणून.

मंगळवारी दुपारी मी जेवायला घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या राणेकाकू म्हणाल्या, "तुझ्या आई वेसाव्याला गेल्या. सकाळीच. बाबा आणि सुनंदा बाजारात गेलेत."

"एकटी?"

"हो. छत्री घेऊन."

फेब्रुवारी महिना. आभाळात ढगाचा ठिपका नाही. छत्री कशाला? मी एका क्षणात सगळं ओळखलं. आई भांडायला गेली आहे. (गुडघे दुखतात म्हणून ती छत्री काठीसारखी टेकत चालते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फार अंतर असतं.) माझी म्हातारी आई, एकटी, त्या लोकांच्या वस्तीत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघालो. दादर ते अंधेरी मी नाखव्यांना सुनवायची सहा वाक्यं तयार केली. बसमध्ये त्यांतली दोन आणखी धारदार केली.

वस्तीच्या तोंडाशी आलो आणि लांबूनच मला आई दिसली. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांच्या पलीकडे, घराच्या पायरीवर. समोर हिराबाय. दोघींचे हात हवेत. दोघींचे आवाज असे चढलेले की खाडीतल्या होड्यांवरची माणसं वळून बघत होती.

"नाय म्हणजे नाय!" आई ओरडली. "माझ्या घरात ह्यां चलाचा नाय!"

मी धावलो. रस्ता वळसा घेऊन जात होता आणि आई सरळ समोर होती, म्हणून मी सरळ गेलो. पहिली दोरी मला मानेवर लागली आणि तुटली. दुसरी छातीवर. तिसऱ्या दोरीने हार मानली नाही. ती बांबू घेऊन आली. त्या बांबूने शेजारचा बांबू ओढला, आणि नाखव्यांच्या दारापुढचा अख्खा मांडव, हजारो अर्धवट सुकलेल्या बोंबलांसकट, माझ्यावर येऊन निजला.

 माझ्या कॉलरमध्ये, खिशात, बाहीत बोंबील होते. एक चष्म्याच्या काडीत अडकून थेट माझ्या डोळ्यात बघत होता.

"वसंता?" आईचा आवाज आला. "आज कामार गेलंस नाय?"

दोन हातांनी मला काखेत धरून उचललं आणि बाजूला उभं केलं. नाखवा होते. त्यांनी माझ्या खांद्यावरचे बोंबील काढून एकेक पाटीत टाकले, आणि मग विचारलं, "लागलं काय?"

मी म्हणालो, "आईला कोण काय बोललं?"

"तिरफळां!" आई म्हणाली. "ही म्हणता, बांगड्याच्या कालवणात तिरफळां नकोत. माझ्या घरात तिरफळांशिवाय बांगडो कधी शिजलो नाय."

"मी म्हटलं, मंग मना शिकवा," हिराबाय म्हणाल्या. "तवा हा आला."

आईच्या मांडीशी ताट होतं. ताटात पापलेटाचे काटे होते. नुसते काटे. डोकंसुद्धा उरलं नव्हतं.

मग हिराबायने मला सकाळची हकीकत सांगितली. पुढेही प्रत्येक समारंभात त्यांनी ती सांगितली, आणि मी प्रत्येक वेळी ऐकली. आई दहाच्या सुमाराला आली. घामाघूम. आयुष्यात ती कधी एकटी भांडुपच्या बाहेर गेली नव्हती. दादरचा पूल तिने विचारत विचारत पार केला, अंधेरीला चुकीच्या बसमध्ये बसली, तिथून परत आली. दारात उभी राहिली आणि बसायच्या आधी म्हणाली, "माझो नवस होतो. सांगूचो नसता, पण आता सांगतंय. शैलाचा लगीन ठरल्याशिवाय मी मासळी खाणंय नाय. म्हणून त्या दिवशी जेवलंय नाय. तुमच्या हाताक काय झाल्लां नाय, माझ्या झिलाच्या डोक्याक झाल्लां."

हिराबायना हसू आलं होतं म्हणे, पण त्यांनी ते दाबलं.

"आता तू लगीन ठरलां असा म्हण," आई म्हणाली. "मगे मी जेवतंय."

हिराबायने नाखव्यांकडे बघितलं. नाखवा म्हणाले, "ठरलं."

"मगे वाड," आई म्हणाली आणि बसली.

मी ऐकत उभा होतो. माझ्या आईला सही करायला अर्धं मिनिट लागतं. तिने माझ्या पत्राने आणि माझ्या तोंडाने झालेला गुंता एका वाक्यात सोडवला होता, तेही समोरच्याला लहान न करता आणि स्वतःही लहान न होता. इतका अभिमान मला माझ्या नेमणुकीच्या दिवशीही वाटला नव्हता. मी चष्मा काढून उगाचच पुसत राहिलो. नाखव्यांनी ते बघितलं असावं. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"दाढ दुखत होती हे खरं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पन बोलता येत नव्हतं असं नाय. तू इतकं इचारत व्हतास, मना वाटलं, पोलिसात हाय. म्हनून गप बसलो."

"मी टाइम ऑफिसला आहे."

"ते मागनं कळलं. दाढ दाखवली तरी माजं मत तेच व्हतं."

म्हणजे आम्ही दोघंही पंधरवडाभर समोर नसलेल्याच माणसाशी भांडत होतो. मी त्यांच्या माजाशी आणि ते माझ्यातल्या पोलिसाशी. मी त्यांची माफी मागितली. ते "हं" म्हणाले. या वेळी मला ते पुरेसं वाटलं.

"उभो कित्याक रवलंस?" आई म्हणाली. "बस आणि जेव."

जेवलो. जेवणानंतर हिराबायने मला तुटलेल्या दोऱ्या बांधायला बसवलं आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर कसे टांगायचे ते शिकवलं. संध्याकाळपर्यंत मी बोंबील टांगत होतो. माझ्या हातचे निम्मे पडत होते. आई पायरीवर बसून, "नीट लाव, नीट," म्हणत होती. घरी गेल्यावर शैलाने दार उघडलं, नाकाला पदर लावला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "दादा, आधी आंघोळ कर."

लग्न मे महिन्यात भांडुपलाच एका हॉलमध्ये झालं. वेसाव्याहून दोन बस भरून माणसं आली. आमच्या गावाकडून नातेवाईक आले. मुलगा कोळी म्हणून ते काय बोलतील याची मला धाकधूक होती, पण हरेशचं वागणं आणि वेसाव्याच्या माणसांचा मोकळेपणा बघून दुपारपर्यंत सगळे खूश झाले. आई आणि हिराबाय एका कोपऱ्यात खुर्च्या जोडून बसल्या होत्या. दोघींचं बोलणं हॉलभर ऐकू येत होतं.

जेवणं झाल्यावर गावचे भाऊकाका माझ्याकडे आले. आमच्या भावकीत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चार माणसं जमवली. "ह्याला म्हणतात घरातला मोठा मुलगा," ते म्हणाले. "जातीबाहेरचं स्थळ. दुसरा असता तर मोडून टाकलं असतं. पण आमचा वसंता शिकलेला, विचारी. पुढे होऊन याने सगळं जुळवलं. यायला, बोलायला, पटवायला हाच. दोन घरं याने एक केली."

त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी मोठा मुलगा होतो, सफारी सूट घातला होता आणि दारात उभा होतो. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं. बाकीचे माना डोलावत होते. स्टेजवरून शैला माझ्याकडे बघत होती. सुनंदा दोन हातांवर तीन ताटं घेऊन जाता जाता थांबली होती, मी काय बोलतो ते ऐकायला.

खरं सांगायचं म्हणून मी तोंडही उघडलं. पण स्टेजवरच्या शैलाशी नजरानजर झाली. लाजेने माझी मान आपोआप खाली गेली.

"बघा," भाऊकाका म्हणाले, "आणि केवढा विनय."